गोल रुमाल वाटीसारखा वळतो, तो घट्ट हातामुळे नव्हे

क्रोशाचा गोल रुमाल वाटीसारखा वळू लागला की नव्या विणणारीला हमखास ऐकवलं जातं, "तुझा हात घट्ट आहे, मोठी सुई घे." सुई बदलते, रुमाल तसाच वळतो आणि बिचारी विणकामच सोडते. याचं मला फार वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा हाताचा नसून मोजणीचा असतो. घट्ट हाताने वीण कडक होते, पण टाक्याची रुंदी आणि उंची दोन्ही कमी झाल्याने आकार फारसा बिघडत नाही.

वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढली की घेर त्या उंचीच्या सुमारे 6.28 पट वाढतो. मुका खांब, म्हणजे क्रोशाचा बुटका टाका, साधारण जितका रुंद, तितकाच उंच. म्हणून प्रत्येक फेरीत 6 टाके वाढवायचे: 6, 12, 18, 24. तिसऱ्या फेरीत एक साधा टाका, पुढच्या घरात, म्हणजे खालच्या फेरीच्या पुढच्या टाक्यात, दोन. चौथीत दोन साधे, मग एका घरात दोन. नुसता खांब हा टाका मुक्या खांबाच्या जवळपास दुप्पट उंच, म्हणून तिथे वाढ 12 ची.

वाढ कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की कडेला झालर येते. एखादीचे टाके मुळातच उंच पडतात; तिने 7 ची वाढ करून पाहावी.

फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा आणि प्रत्येक फेरीअखेर टाके मोजा. रुमाल षटकोनी दिसू लागला, तर वाढीची जागा दर फेरीत थोडी सरकवा.