लाकडी बदकांच्या गावाला: हॅवर डी ग्रेसची एक दिवसाची सहल

भारतातून आई-बाबा आले की वॉशिंग्टनची स्मारकं आणि बाल्टिमोरचं मत्स्यालय चार दिवसांत पाहून होतं. मग पुढच्या शनिवारी कुठे न्यायचं, असा प्रश्न पडलेल्या घरांसाठी आमची ही सहल आहे. बाल्टिमोरहून ईशान्येला गाडीने साधारण तासाभरावर, सस्क्वेहाना नदी चेसापीक उपसागराला मिळते तिथे हॅवर डी ग्रेस नावाचं छोटं गाव आहे. तिथलं डिकॉय म्युझियम १९८६ साली पाण्याच्या अगदी काठावर सुरू झालं. नाव नोंदवण्याआधी हे पत्रक घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. काही माहिती नसताना आत गेलं, तर तिथली लाकडी बदकं दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूंसारखी वाटतात. ती अवजारं होती.

डिकॉय म्हणजे फसवं बदक

शिकारी अशी बदकं पाण्यावर सोडून दबा धरून बसतो. वरून जाणाऱ्या थव्याला खाली आपलेच सोबती निवांत चरताना दिसतात आणि तो उतरतो. ही युक्ती फार जुनी आहे. नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली पाणगवत वळून केलेली अशी बदकं सापडली, ती सुमारे २००० वर्षांपूर्वीची आहेत.

चेसापीकच्या या टोकाला पाणी उथळ आहे आणि तळाशी एक पाणगवत उगवतं. कॅनव्हासबॅक जातीच्या बदकांना ते फार आवडतं, इतकं की त्या गवताचं शास्त्रीय नावच या बदकाच्या शास्त्रीय नावात आलं आहे. एकोणिसाव्या शतकात इथली बदकं रेल्वेने मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत जात. शिकारी शवपेटीच्या आकाराच्या पेटीत उताणा झोपे. पेटी पाण्याच्या पातळीपर्यंत बुडवलेली असे आणि भोवती दोनशे-तीनशे, कधी त्याहूनही जास्त लाकडी बदकं तरंगत. या पेटीला सिंकबॉक्स म्हणत. पेटी खाली दबावी म्हणून तिच्या पंखांसारख्या फळ्यांवर ओतीव लोखंडाची बदकं ठेवत. १९१८ च्या कायद्याने स्थलांतरित पक्ष्यांची बाजारासाठी शिकार बंद झाली, १९३५ मध्ये सिंकबॉक्सही गेला.

आमच्या सहलीत माळकरी आजी-आजोबाही असतात, म्हणून आधीच सांगतो: हा इतिहास शिकारीचा आहे आणि म्युझियम तो लपवत नाही. शिकारीच्या भागात थांबायचं नसेल त्यांनी खुशाल बाहेर काठावर बसावं. सोबत आमचं माणूस असेल.

आत काय पाहाल

एखादं बदक निवडा आणि त्याची बांधणी नीट न्याहाळा. धड एका लाकडाचं, डोकं वेगळं कोरून बसवलेलं. तळाला शिशाचं वजन, म्हणजे नावेतून कसंही फेकलं तरी ते पाण्यात सरळ होतं. पुढे नांगराची दोरी बांधायला कडी. रंग उडालेलं, चोच झिजलेली असेल, तर ते खरोखर पाण्यात उतरलं होतं असं समजा. आम्हाला स्वतःला चकचकीत नमुन्यांपेक्षा अशीच बदकं जास्त आवडतात.

मॅडिसन मिचेल (१९०१–१९९३) हे या गावाचे नामवंत कारागीर. व्यवसायाने ते अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणारे. उरलेल्या वेळात त्यांनी आयुष्यभर बदकं कोरली आणि कितीतरी तरुणांना हे काम शिकवलं. त्यांची कार्यशाळा म्युझियमच्या आवारातच उभी आहे. तिथे घाई करू नका.

या वस्तूंना पुढे कलेचा मान मिळाला. मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रोवेल यांचं चोचीने पिसं साफ करणारं एक लाकडी तलवार बदक २००७ साली दहा लाख डॉलरहून जास्त किमतीला विकलं गेलं. हे तलवार बदक आपल्या ओळखीचं आहे. हाच पक्षी हिवाळ्यात नाशिकजवळ नांदूर मधमेश्वरला येतो. तिथे दुर्बिणीतून त्याची लांब टोकदार शेपटी पाहिलेले काका-मावशी इथे ते कपाटातही लगेच ओळखतात. कॅनव्हासबॅकची लालसर मान पाहून आपली लालसरी आठवेल. दोघं एकाच कुळातली.

नंतर काठावर

म्युझियमला दीड तास पुरतो. नंतर पाण्याकाठच्या फळ्यांच्या वाटेने कॉन्कॉर्ड पॉइंटच्या १८२७ सालच्या दीपगृहापर्यंत सपाट चालणं आहे. इथून जे पाणी दिसतं, तिथेच हे सगळं घडलं. १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पुराने तळावर गाळ बसला, गवत मेलं आणि बदकंही पांगली. गेल्या काही दशकांत गवत पुन्हा धरलं आहे.

शेजारच्या टायडिंग्ज पार्कमध्ये डबा खाऊ. दशम्या, धपाटे, चटणी घरून आणा; चहाचा थर्मास आमचा. काठावर वारा बोचतो, मे महिन्यातही ज्येष्ठांसाठी स्वेटर आणि कानटोपी असू द्या. मेच्या सुरुवातीला गावात डिकॉय महोत्सव भरतो. त्या शनिवार-रविवारी गर्दी असते, पण कोरणारी माणसं भेटतात, म्हणून त्या तारखा लवकर कळवा. चाकाची खुर्ची लागणार असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. तिकिटाचा त्या दिवसाचा दर आम्ही तेव्हाच कळवू.