‘कलम 30अ’ नावाचं भूत

गणपतीला चाकरमानी कोकणात उतरले की पडवीत हा मेसेज फिरतोच: ‘कलम 30 मुळे मदरशांत कुराण चालतं, 30अ मुळे शाळेत गीतेवर बंदी.’ अहो, घटनेत 30अ नाहीच! आहे ते 30(1अ), 1978 च्या 44 व्या दुरुस्तीतलं. अल्पसंख्याक शिक्षणसंस्थेची मालमत्ता सरकारने घेतली तर द्यायच्या मोबदल्याबद्दलचं. गीता त्यात कुठेच नाही.

खरा नियम कलम 28 चा. जिल्हा परिषदेच्या शाळेसारख्या पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत कुठल्याच धर्माचं धार्मिक शिक्षण नाही. अनुदानित शाळेत मुलाला पूजेला बसवायचं तर पालकांची संमती हवी. नास्तिक आईबापांना तीच ढाल. धर्मांविषयी माहिती देणं मात्र वेगळं, ते चालतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये सांगितलंय. ज्ञानेश्वरी गीतेवरचीच टीका, आणि तिच्या ओव्या मराठीच्या पुस्तकात आपण शिकलोच की.