पहिलटकरीण आणि तिची पिल्लं : पेटीसोबतचं माहितीपत्रक

तुम्ही आमच्याकडून कुत्रीच्या बाळंतपणाची पेटी भाड्याने नेलीत, तिच्यातच हा कागद ठेवलेला असतो. पेटी मांडण्याआधी एकदा सगळा वाचून काढा आणि मग फ्रिजला चिकटवा. गरज पडते ती रात्री दोन वाजता, आणि तेव्हा आमचं इंदूरच्या रामबागेतलं दुकान बंद असतं. फोन चालू असतो. नंबर पेटीच्या मागच्या फळीवर लिहिला आहे.

आधी एका शब्दाबद्दल. ग्राहक दुकानात येऊन "आमची फीमेल" म्हणतात, कारण घरातल्या लाडकीला "कुत्री" म्हणायला जीभ वळत नाही. आम्ही या कागदात तिला पहिलटकरीण म्हणणार आहोत. माणसांतल्या पहिलटकरणीला आपण गोंधळायची, घाबरायची, चिडायची जेवढी मुभा देतो तेवढी हिलाही द्या.

ती व्याली की आम्हाला येणारा फोन ठरलेला असतो : "काका, ती पिल्लांकडे बघतसुद्धा नाही हो. हिला माया कशी नाही?" काका उलट तीन गोष्टी विचारतात. पिल्लू हाताला गरम लागतंय की गार? खोलीत आत्ता किती माणसं आहेत? तिला कुठे दुखतंय का? मायेचा प्रश्न त्यानंतर, आणि आमच्या अनुभवात तिथपर्यंत जायची वेळ क्वचित येते.

आमच्या चिमीचं काय झालं

चिमी आमची स्पिट्झ. गल्लीतले सगळे तिला पॉमेरेनियनच म्हणायचे. जानेवारीतली रात्र होती. पेटीबिटी आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती, ती सोफ्यावरच व्याली. पहिलं पिल्लू बाहेर पडलं तशी दचकून मागे सरली, स्वतःच्या शेपटीखाली हुंगलं आणि मग त्या ओल्या गोळ्याकडे मान वाकडी करून बघत राहिली. पिल्लू पातळ पिशवीत गुंडाळलेलंच होतं. माझ्या आईने नखाने पिशवी फाडली, तोंड पुसलं, पिल्लू चिरकलं. इथवर सगळं ठीक होतं. मग मी शहाणपणा केला. कोमट पाण्यात जंतुनाशकाचे थेंब टाकून पिल्लू लख्ख धुतलं आणि कौतुकाने तिच्यापुढे ठेवलं. तिने एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. पुढच्या दोन पिल्लांनाही मी हीच अंघोळ घातली.

विताना जे पाणी सुटतं त्याच्या वासाने आणि ते चाटण्यानेच तिला पिल्लांची ओळख पटते. ती ओळख मी मोरीत ओतून टाकली होती. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तिच्या अंगाखालची ओली चादर पिल्लांना चोळा आणि एकेक करून तिच्या तोंडाशी धरा. बराच वेळ काही नाही. मग जीभ बाहेर आली, एकदाच चाटलं, थांबली, पुन्हा चाटलं. अर्ध्या तासात ती इतकी जोरात चाटायला लागली की पिल्लू उलटंपालटं व्हायचं.

म्हणून आमच्या पेटीसोबत तीन जुने सुती पंचे येतात, साबण येत नाही. पिल्लं पुसायची, धुवायची नाहीत. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते ही समजूत मात्र मनातून काढा. रोज जवळ घेणाऱ्या माणसाचा वास तिला परका नसतो. अत्तर, सॅनिटायझर आणि शेजारच्या काकूंचे हात यांची गोष्ट वेगळी.

पेटी कुठे आणि कधी

कुत्रीचे दिवस साधारण ६३ धरतात, चार-पाच दिवस मागेपुढे. त्याच्या आधी निदान आठ-दहा दिवस पेटी मांडा आणि तिला रोज तिथेच झोपायची सवय लावा. ऐन वेळी नव्या खोक्यात ठेवलीत तर ती उठून पलंगाखाली जाऊन विणार.

आपल्या आज्या बाळंतिणीला आतली अंधारी खोली द्यायच्या, बाहेरच्यांना दहा दिवस आत सोडत नसत. पेटीलाही तीच खोली हवी : जाता-येता दार न वाजणारी, टीव्हीपासून लांब, अर्धा पडदा ओढलेली. घर राजवाड्याच्या बाजूला असेल आणि तारीख रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या, आसपास येत असेल, तर चार दिवस शहराबाहेरच्या नातेवाइकांकडे नेण्याचा विचार आधीच करा. ढोल-ताशाने बिथरलेली आई पिल्लं तोंडात धरून घरभर फिरते, किंवा घाईत त्यांच्यावरच बसते.

पेटीच्या आत चारही बाजूंनी बोटभर रुंद फळी बाहेर आलेली दिसेल. ती शोभेची नाही, काढू नका. आई भिंतीला टेकून आडवी झाली की मागे राहिलेलं पिल्लू त्या फळीखालच्या जागेत वाचतं. खाली वर्तमानपत्रं, त्यावर तिची रोजची चादर, तीही सुगंधी पावडरने न धुतलेली.

शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोन-तीनदा थर्मामीटर लावा. एरवी तिचं अंग १०१ ते १०२ फॅरनहाइट असतं. ते ९९ च्या खाली उतरलं की बहुतेक २४ तासांच्या आत कळा सुरू होतात. त्या दिवशी कुणाला घरी जेवायला बोलावू नका.

पहिला तास

पिल्लू पडल्यावर तिने स्वतः पिशवी फाडली तर तुम्ही हात मागे ठेवा. एक-दोन मिनिटं गेली आणि ती नुसती बघतेय, तर पिशवी तोंडाकडून फाडा, नाक-तोंड पुसा आणि पंच्याने पाठीवर चांगलं खसाखसा चोळा. धरून झटकायचं नाही, हे जुने लोक करायचे, त्याने मेंदूला इजा होते. नाळ तिने तोडली नाही तर पोटापासून इंचभर अंतर सोडून उकळलेल्या दोऱ्याने बांधा, गाठीच्या पलीकडे कापा, टोकाला आयोडीन लावा. मग पिल्लू लगेच तिच्या तोंडाशी. पिल्लामागून पडणारी वार तिने खाल्ली तर खाऊ द्या. सगळ्याच खाल्ल्या तर पोट बिघडतं, म्हणून एक-दोन झाल्यावर उचलत चला.

पुढची गोष्ट सडाला लावण्याची. गाईच्या चिकाचा खरवस करून आपण खातो. कुत्रीचा चीक पिल्लाला औषध आहे. त्यातली रोगांशी लढणारी द्रव्यं पिल्लाचं आतडं जेमतेम पहिला दिवसच आत घेऊ शकतं, आणि पहिल्या काही तासांत सगळ्यात चांगलं. दुसरा फायदा आईला. पिल्लं लुचायला लागली की तिच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं. दूध उतरवणं आणि जीव लावणं ही दोन्ही त्याची कामं. म्हणजे माया आली की ती पाजेल अशी वाट बघत बसू नका. तिला कुशीवर आडवी करा, एकाने डोकं मांडीवर घेऊन कानामागे खाजवायचं, दुसऱ्याने पिल्लू सडाला लावायचं. पाजता पाजता माया येते.

सिझेरियन झालं असेल तर हे जास्तच. ती भुलीतून जागी होते तेव्हा तिच्या लेखी काही घडलेलंच नसतं, आणि समोर दवाखान्याच्या वासाचे चार उंदीर वळवळत असतात. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पिल्लं तिच्याजवळ एकटी सोडू नका.

गार पिल्लू

सगळ्यात जास्त पिल्लं इथे जातात, म्हणून हे सविस्तर. नवजात पिल्लाला थंडीने कुडकुडताही येत नाही. पहिले दोन आठवडे त्याची ऊब बाहेरूनच यावी लागते. गार पडलेलं पिल्लू ओरडायचं थांबतं, लुचत नाही, आणि आई त्याला नाकाने बाजूला सारते. घरच्यांना वाटतं, तिने टाकलं. पुष्कळदा ती फक्त गार पिल्लू ओळखत असते; ऊब आल्यावर तेच पिल्लू ती परत घेते.

त्याला उचला आणि स्वतःच्या बनियनच्या आत छातीशी धरा. तास-दोन तास, हळूहळू. हीटरपुढे धरू नका. आणि पूर्ण गरम झाल्याशिवाय दुधाचा थेंबही नको, कारण गार पोट दूध पचवत नाही. चूक इथेच होते. घाबरलेल्या घरात आधी बाटली भरली जाते.

पेटीच्या एका टोकाला पहिल्या आठवड्यात ३० सेल्सियसच्या आसपास ऊब हवी. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत यासाठी जाड टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी किंवा वरून टांगलेला जुन्या पद्धतीचा ६० वॉटचा बल्ब लागतो. एलईडी चालणार नाही, त्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. दुसरं टोक गारच ठेवा, म्हणजे ज्याला उकडेल ते तिकडे सरपटेल. शेगडी आणि ओव्याची धुरी या खोलीत बिलकूल नको. मे महिन्यात उलटा प्रकार : खोलीच तापलेली, वरून कुणीतरी मायेने बल्ब लावलेला, आई धापा टाकत बाहेर फरशीवर. तीही तक्रार आमच्याकडे "पिल्लांजवळ थांबत नाही" अशीच येते. बल्ब काढा, कूलर लावा, झोत पेटीवर येऊ देऊ नका.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एका वेळी प्रत्येक पिल्लाचं वजन करून लिहा. पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर चालतं. त्यानंतर रोज वाढलं पाहिजे. आठ-दहा दिवसांत दुप्पट होतं. एकाचंच उतरत असेल तर त्याला सगळ्यात मागच्या, भरलेल्या सडाशी लावा आणि डॉक्टरांना कळवा.

गुरगुरली तर

रागावू नका, मारू तर मुळीच नका. गुरगुरणं ही तिची सूचना असते. ती दाबलीत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. आधी खोली रिकामी करा. रोज खाऊ घालणारं एकच माणूस आत राहील. तरी पिल्लावर दात टाकत असेल तर पिल्लं शेजारच्या उबदार टोपलीत ठेवा आणि दर दोन-अडीच तासांनी, गरज पडली तर तोंडाला बांधायचं मझल घालून, धरून पाजा. पाजून झालं की मझल काढायचं आणि पिल्लं परत टोपलीत. बहुतेक जणी दोन-तीन दिवसांत निवळतात. ज्या निवळत नाहीत त्यांच्या पिल्लांसोबत एक रात्रही धोका पत्करू नका.

तिला दुखतंय का

सड लाल, कडक, गरम झाला असेल तर पाजताना ती उठून जाणारच. पिल्लांची नखं ब्लेडसारखी असतात, आठवड्यातून एकदा टोकं कापा. खालून काळपट-हिरवा, पुढे तांबूस स्राव काही आठवडे जातो, ते चालतं. दुर्गंधी आणि ताप असेल तर नाही. विताना अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू नाही, पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवं पाणी, किंवा पिल्लू आत आहे आणि दोन तास काहीच नाही : गाडी काढा. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण रात्री तिथवर जायला वेळ लागेल. घराजवळच्या डॉक्टरांचा रात्रीचा नंबर आजच घ्या.

आणखी एक, खास लहान जातींसाठी. दोन-चार आठवड्यांनी ती अचानक धापा टाकू लागली, पाय ताठरले, अंग थरथरलं, तर दुधामुळे रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. पिल्लं बाजूला करा आणि त्याच क्षणी दवाखाना. गाभण असताना मनाने कॅल्शियमचं सिरप पाजल्यानेही हा त्रास वाढू शकतो. आम्ही ते सिरप विकतो, तरी सांगतो : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आमच्याकडे मागू नका.

लाडू

दर हिवाळ्यात कुणीतरी प्रेमाने तिला डिंकाचा लाडू देतं. त्यात बेदाणे असतात, जायफळ असतं. बेदाण्यांनी कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होऊ शकतात. तिला पिल्लांचं खाद्य द्या, दिवसातून चार वेळा, आणि पाण्याचं भांडं पेटीपासून दोन पावलांवर, म्हणजे पाण्यासाठी पिल्लं सोडून लांब जावं लागणार नाही.

वरचं दूध लागलंच तर पिल्लांची दूध पावडर, डब्यावर लिहिल्याइतक्या पाण्यात. गाईचं दूध त्यांना पातळ पडतं आणि पोट बिघडवतं. पिल्लू पालथं धरून पाजा, माणसाच्या बाळासारखं उताणं धरलंत तर दूध फुप्फुसात जातं. पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने खालची बाजू हलकेच चोळा. आईच्या चाटण्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही.

पिल्लू बघायला आणि "बुक" करायला येणाऱ्यांना डोळे उघडेपर्यंत, म्हणजे दोन आठवडे, नाही म्हणा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येतच नाही, तेव्हा त्यांनाही घाई नसावी.

पेटी पाच आठवड्यांनी परत आणा, उन्हात वाळवून. आतल्या फळीवर नखांच्या आणि दातांच्या खुणा असतील तर त्याचे पैसे आम्ही कापत नाही. चिमीने कुरतडलेली पहिली पेटी अजून दुकानात आहे, तिच्यात आता पावत्या ठेवतो.