बॅबिलॉन ५ आणि डीप स्पेस नाइन: दोन स्टेशनं, लिहिण्याच्या दोन रीती

दुकाट आणि दुखाट हे दोघे वेगळे. गल दुकाट हा ‘डीप स्पेस नाइन’ या अंतराळमालिकेतला, कार्डेशियन या परग्रही लोकांच्या लष्करातला अधिकारी. बजोर ग्रहावर त्याने जुलमाने राज्य केलं, आणि तरीही तिथे आपला एकही पुतळा नाही याची त्याला मनापासून खंत आहे. दुखाट हा ‘बॅबिलॉन ५’ या दुसऱ्या अंतराळमालिकेतल्या मिनबारी या परग्रही लोकांचा नेता. माणसांशी झालेल्या पहिल्याच गाठीत गैरसमजातून गोळीबार झाला, त्यात तो मेला आणि युद्ध पेटलं. लीटाही दोन आहेत. एक ‘डीप स्पेस नाइन’मधल्या क्वार्कच्या जुगारखान्यात काम करणारी बजोरी मुलगी, दुसरी ‘बॅबिलॉन ५’मधली मन वाचणारी टेलिपाथ. कॉमिक्स आणि सायफाय मालिकांवर गप्पा मारणारे चार जण जमले की ही नावं हमखास एकमेकांत मिसळतात, आणि नावांबरोबर दोन्ही मालिकाही.

त्याला कारणं आहेत. ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’चा पहिला भाग अमेरिकेत ३ जानेवारी १९९३ ला दाखवला गेला आणि ‘बॅबिलॉन ५’चा पायलट, म्हणजे मालिकेआधीचा चाचणीवजा चित्रपट, २२ फेब्रुवारीला. मधे जेमतेम सात आठवडे. दोन्हीकडे अंतराळयान नाही, तर एका जागी असलेलं आणि नावात आकडा असलेलं स्टेशन. दोन्हीकडे व्यापारी, वकिलाती, तस्कर, बार, जुगार. दूर जायला ‘डीप स्पेस नाइन’मध्ये वर्महोल, ‘बॅबिलॉन ५’मध्ये जंप गेट. दोन्ही कमांडरांना परक्या समाजाच्या धर्मात अचानक मोठं स्थान मिळतं: ‘डीप स्पेस नाइन’चा सिस्को बजोरी लोकांचा ‘एमिसरी’ म्हणजे देवांचा दूत ठरतो, ‘बॅबिलॉन ५’च्या सिंक्लेअरचं नातं मिनबारींच्या पुराणपुरुषाशी निघतं. ‘डीप स्पेस नाइन’चा ओडो रूप बदलू शकतो, तर ‘बॅबिलॉन ५’च्या पायलटमध्ये रूप बदलून आलेला मारेकरी आहे. पुढे दोन्हीकडे स्टेशनच्या दिमतीला एक लढाऊ जहाज येतं आणि सगळी कथा महायुद्धाकडे वळते.

‘बॅबिलॉन ५’चे कर्ते जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी १९८९ मध्ये ही कल्पना ‘स्टार ट्रेक’वाल्या पॅरामाउंट स्टुडिओकडेच नेली होती. सोबत पायलटची संहिता होती, पात्रांची टिपणं होती आणि चित्रं होती. सुरुवातीची संकल्पनाचित्रं काढली होती पीटर लेजर या ऑस्ट्रेलियन कॉमिक चित्रकाराने. पॅरामाउंटने ती मालिका घेतली नाही आणि पुढे तिथेच दुसऱ्या स्टेशनची घोषणा झाली. स्ट्रॅझिन्स्कींनी दावा लावला नाही. ‘डीप स्पेस नाइन’चे निर्माते रिक बर्मन आणि मायकेल पिलर यांनी जाणूनबुजून काही उचललं असं आपल्याला वाटत नाही, असंही त्यांनी स्वतः सांगितलं. त्यांची शंका होती ती स्टुडिओतल्या वरच्या मंडळींनी दिलेल्या सूचनांबद्दल. चाहते मात्र यावर वर्षानुवर्षं भांडले. या भांडणात मला रस नाही, कारण तिसऱ्या सीझनपर्यंत दोन्ही मालिका एकमेकींपासून इतक्या लांब गेल्या होत्या की सुरुवातीच्या सारखेपणावरून काहीच सिद्ध होत नाही.

पडद्यावर ओळखायचं असेल तर सोपं आहे. लांबलचक, सतत फिरणारा दंडगोल दिसला की तो बॅबिलॉन ५. पाच मैल लांब, अडीच लाख रहिवासी, आणि फिरण्यातूनच आत वजन निर्माण होतं. गोल कडं आणि त्यावरून आत वळलेले नखांसारखे खांब दिसले की ते डीप स्पेस नाइन. ते कार्डेशियनांनी बांधलेलं, त्यांनी त्याला दिलेलं नाव तेरोक नॉर. ‘डीप स्पेस नाइन’ने सुरुवातीला हाताने बनवलेली मॉडेलं वापरली. ‘बॅबिलॉन ५’कडे पैसा बराच कमी होता, म्हणून रॉन थॉर्नटन यांच्या फाउंडेशन इमेजिंगने अमिगा संगणकांवर अख्खं अंतराळ उभं केलं. पायलटच्या दृश्यांना एमी पुरस्कार मिळाला. आज ती दृश्यं जुनी दिसतात हे खरं, पण स्टारफ्युरी ही लढाऊ विमानं नीट बघा. इंजिनं बंद करून ती जागच्या जागी उलटी फिरतात, मागे गोळ्या झाडतात आणि तरी पुढेच सरकत राहतात. हवा नसलेल्या जागेत वस्तू कशी हलेल याचा विचार त्या वेळच्या टीव्हीवर क्वचितच कुणी केला होता.

खरा फरक लिखाणात आहे आणि कॉमिक वाचणाऱ्याला तो चटकन कळेल. एखादा लेखक स्वतःची कथा घेऊन येतो, तिचा शेवट त्याच्या डोक्यात असतो, आणि तो शेवट छापून झाला की मालिका थांबते. ‘बॅबिलॉन ५’ त्या जातीची. ‘डीप स्पेस नाइन’ म्हणजे मोठ्या कंपनीचं जुनं शीर्षक. जग आणि नियम आधीच्यांनी घालून दिलेले, लेखक येणार-जाणार, आणि चांगला चमू जमला तर त्याच चौकटीत अपूर्व काही घडणार.

‘बॅबिलॉन ५’च्या ११० भागांपैकी ९२ एकट्या स्ट्रॅझिन्स्कींनी लिहिले. तिसऱ्या आणि चौथ्या सीझनचे सगळेच्या सगळे ४४ त्यांचे. पाचव्या सीझनमध्ये एकच भाग दुसऱ्याचा, तो ‘सँडमॅन’ लिहिणारे नील गेमन यांचा. त्याच्या कितीतरी आधी मालिकेत ‘गेम’ नावाची परग्रही जमात येऊन गेली होती आणि तिचा मुखवटा सँडमॅनच्या शिरस्त्राणासारखा होता. कॉमिक वाचणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं की लिहिणारा आपल्यातलाच आहे.

एका हाताने लिहिण्यात काय मिळतं, ते लोंडो आणि जकार या दोन राजदूतांत दिसतं. लोंडो सेंटॉरी, जकार नार्न. सेंटॉरींनी नार्नांवर राज्य केलं होतं, त्यामुळे वैर पिढीजात. पहिल्या सीझनच्या पहिल्याच भागात लोंडो सांगतो की त्याने स्वतःचा मृत्यू स्वप्नात पाहिला आहे: वीस वर्षांनी तो आणि जकार एकमेकांचे गळे आवळून मरणार. ऐकणाऱ्याला वाटतं, दारूच्या नादातली बडबड. तिसऱ्या सीझनमध्ये भविष्याची झलक येते आणि तेच दृश्य आपण डोळ्यांनी बघतो, पण तोवर त्याचा अर्थ पार बदललेला असतो. तिथे पोचेपर्यंत लोंडोने सत्तेच्या मोहात जकारचं जग बेचिराख होऊ दिलेलं असतं. मग तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीलाच ‘कन्व्हिक्शन्स’ या भागात स्फोटामुळे दोघं एका लिफ्टमध्ये अडकतात. बाहेर आग, आत धूर. लोंडो म्हणतो, मिळून प्रयत्न केला तर सुटू. जकार हसत सुटतो. नार्नाने एका सेंटॉरीला मारलं तर पाचशे नार्न मारले जातील असा सेंटॉरींचा कायदा आहे, त्यामुळे त्याला लोंडोवर हात उचलता येत नाही. पण शेजारी बसून त्याला मरताना बघायला कुठल्याच कायद्याची आडकाठी नाही, मग त्यात स्वतःचा जीव गेला तरी चालेल. दोन नट, एक बंद खोका, आणि दोन सीझनचा इतिहास. पीटर जुरासिक आणि आंद्रेआस कात्सुलास यांचं हे दृश्य मी कितीही वेळा बघू शकतो.

मात्र ‘बॅबिलॉन ५ आधीच शब्दशः लिहून ठेवलं होतं’ असं जे सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. स्ट्रॅझिन्स्कींनी प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी एक चोरदरवाजा ठेवला होता. नट गेला तर कथा कुठून वळवायची ते ठरलेलं होतं. पहिल्या सीझननंतर नायकच गेला. सिंक्लेअरचं काम करणारे मायकेल ओ’हेअर गंभीर मानसिक आजाराशी झुंजत होते. त्यांच्या हयातीत स्ट्रॅझिन्स्कींनी याबद्दल चकार शब्द काढला नाही. ओ’हेअर २०१२ मध्ये वारले आणि त्यानंतरच, त्यांच्याच इच्छेनुसार, हे जाहीर केलं. कथेत शेरिडन हा नवा नायक आला आणि सिंक्लेअरचं उरलेलं कोडं तिसऱ्या सीझनच्या ‘वॉर विदाउट एंड’मध्ये ओ’हेअर यांनाच परत आणून सोडवलं गेलं. पहिल्या सीझनच्या ‘बॅबिलॉन स्क्वेअर्ड’मध्ये पेरलेलं बी तिथे उगवतं. माझ्या मते संपूर्ण मालिकेतला हा सर्वांत अवघड सांधा आहे आणि तो कुठेही दिसत नाही.

या रीतीची किंमतही मोजावी लागली. मूळ प्रसारण व्यवस्था कोलमडत होती आणि पाचवा सीझन मिळेल याची खात्री नव्हती. म्हणून युद्धाच्या कथा चौथ्यातच उरकल्या गेल्या. नंतर टीएनटी वाहिनीने पाचवा सीझन दिला, तेव्हा सांगायला पुरेसं उरलं नव्हतं. त्याचा पहिला अर्धा भाग पातळ आहे. लेखक एकटा असला की असंही होतं: स्ट्रॅझिन्स्की त्या काळात चाहत्यांशी ऑनलाइन रोज बोलत, आणि एका चाहत्याने योगायोगाने आगामी भागासारखीच कल्पना मांडली. त्या चाहत्याकडून लेखी मोकळीक मिळेपर्यंत ‘पासिंग थ्रू गेथसमनी’ हा सुंदर भाग बाजूला ठेवावा लागला.

‘डीप स्पेस नाइन’ सात सीझन चालली. तिसऱ्या सीझनपासून आयरा स्टीव्हन बेर यांच्या हातात सूत्रं आली. रॉबर्ट ह्यूइट वुल्फ, रोनाल्ड मूर, रेने एचेव्हेरिया, हान्स बाइमलर असे लेखक एका खोलीत बसून भांडत, फळ्यावर प्रसंग मांडत आणि पुसत. त्यांना आखलेला शेवट नव्हता, उलट वारशाने आलेलं बंधन होतं. ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबरी यांच्या जगात स्टारफ्लीट या अंतराळ दलाची माणसं आपापसात भांडत नाहीत. यावरचा तोडगा पात्रयोजनेतच होता: किरा, ओडो, क्वार्क हे स्टारफ्लीटचे नाहीतच, त्यामुळे त्यांना भांडायला पूर्ण मोकळीक. ओडो मूळचा कुठला, हे मालिका सुरू झाली तेव्हा लेखकांनाच माहीत नव्हतं. डोमिनियन हा शत्रू घडवताना त्याचे ‘फाउंडर’ म्हणजेच ओडोची जात, असं ठरलं. गॅराक हा कार्डेशियन शिंपी पहिल्या सीझनमध्ये एकाच भागात दिसतो. अँड्र्यू रॉबिन्सन यांनी त्यात इतकं काही भरलं की लेखक त्याच्याकडे पुन्हा पुन्हा परतत राहिले.

याच गॅराकशिवाय ‘इन द पेल मूनलाइट’ झालाच नसता. मूळ कल्पना होती की सिस्कोचा बातमीदार मुलगा जेक एक गुपित खणून काढतो. खोलीत ती फिरत फिरत इतकी बदलली की जेक बाहेर गेला आणि गुपित करणारा बापच केंद्रस्थानी आला. रोम्युलन या परग्रही लोकांना युद्धात ओढण्यासाठी सिस्को खोटा पुरावा तयार करवतो, पुराव्याचं खोटेपण पकडलं जातं, आणि मग गॅराक त्याला न सांगता पुढचं काम उरकतो. सिस्को हे सगळं कॅमेऱ्याकडे बघून स्वतःच्या नोंदीत सांगतो आणि अखेर ती नोंद पुसून टाकतो. आदर्श भविष्याच्या ‘स्टार ट्रेक’मध्ये हे घडावं याचं वजन मोठं आहे. हाच भाग दुसऱ्या कुठल्या मालिकेत असता तर इतका बोचला नसता, कारण इथे मोडलेला नियम तीस वर्षं जुना होता.

आणि ‘फार बियॉन्ड द स्टार्स’. लेखक-चित्रकारांवर प्रेम असलेल्यांनी हा भाग बघायलाच हवा. न्यूयॉर्क, १९५३, एका विज्ञानकथा मासिकाचं कार्यालय. चित्रकार येतो, टेबलावर चित्रं टाकतो, आणि लेखक एकेक चित्र उचलून त्यावर कथा लिहायला घेतात. आधी चित्र, मग कथा. बेनी रसेल हा काळा लेखक स्टेशनचं चित्र उचलतो आणि त्यावर काळा कमांडर असलेली कथा लिहितो. संपादक म्हणतो, हे छापता येणार नाही. शेवट स्वप्नाचा करून ती छापायची असं ठरतं, तर मालक अख्खा अंकच रद्द करतो आणि बेनीची नोकरी जाते. सिस्कोचं काम करणारे एव्हरी ब्रूक्स यांनीच हा भाग दिग्दर्शित केला आहे. ‘बॅबिलॉन ५’कडे अनेक मोठे क्षण आहेत, पण विज्ञानकथा कोण लिहितं आणि कुणाला लिहू दिली जाते, हा प्रश्न तिने असा थेट विचारला नाही.

कॉमिकच्या कपाटातही दोन्ही सापडतात. ‘डीप स्पेस नाइन’ची कॉमिक्स १९९३ पासून मालिबूने काढली, पुढे मार्व्हलनेही. ती स्वतंत्र साहसं आहेत, वाचली नाहीत तरी मालिकेत काही अडत नाही. डीसीचं ‘बॅबिलॉन ५’ १९९५ मध्ये आलं आणि अकरा अंकांत बंद पडलं, पण पहिला अंक स्ट्रॅझिन्स्कींनीच लिहिला आणि सिंक्लेअर मिनबारवर गेल्यावर काय झालं ते त्या मालिकेतच कळतं. पुढे तेच स्ट्रॅझिन्स्की २००१ पासून जॉन रोमिता ज्युनियर यांच्या चित्रांसह ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ लिहू लागले. आणि ‘हल्क’चे पीटर डेव्हिड दोन्ही घरी वावरले: ‘बॅबिलॉन ५’च्या दुसऱ्या सीझनचे दोन भाग त्यांचे, आणि ‘डीप स्पेस नाइन’ची कादंबरीही.

चाहत्यांचं भांडण निवावं म्हणून रॉडनबरी यांच्या पत्नी मेजल बॅरेट १९९६ मध्ये ‘बॅबिलॉन ५’च्या ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’मध्ये सम्राटाची विधवा म्हणून आल्या. ‘स्टार ट्रेक’चे वॉल्टर कोनिग तर आधीपासून तिथे बेस्टर या खलनायकाच्या भूमिकेत येत होते.

नव्याने बघणार असाल तर ‘डीप स्पेस नाइन’ कुठूनही चाखून बघता येते. पहिल्या सीझनचा ‘ड्युएट’ बघा. एक कोठडी, किरा आणि एक कार्डेशियन कैदी, बस. तो आवडला तर मागे जाऊन सुरुवात करा. ‘बॅबिलॉन ५’बाबत असं करू नका. पहिला सीझन अडखळत चालतो, तरी तो गाळला तर पुढची देणी कुणाची ते कळणार नाही. आणि ‘इन द बिगिनिंग’ हा १९९८ चा चित्रपट काळाच्या हिशेबाने सगळ्यांत आधी येतो म्हणून तो आधी लावू नका. मालिकेची सगळी मोठी रहस्यं त्यात उघडी पडतात, त्यामुळे तो चौथा सीझन संपल्यावरच बघावा.