सोलर बसवलं तरी लाइट जातेच

‘गच्चीवर सोलर बसवलं की लाइट जायची चिंता नाही, महावितरणशी संबंधच संपला’ हे सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. नेट मीटरवाल्या (बाहेरून घेतलेली आणि बाहेर दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) साध्या यंत्रणेत बॅटरी नसते. ग्रिडची, म्हणजे महावितरणच्या तारांतून येणारी वीज गेली की भर दुपारी, रणरणत्या उन्हातही सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) आपोआप बंद होतो, पंखा थांबतो. हा बिघाड नव्हे. तुमच्या पॅनलची वीज बाहेरच्या तारांत उतरली, तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल, म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते. बिल खरंच खूप उतरतं, पण स्थिर आकार भरावाच लागतो. वीज गेल्यावरही घर चालवायचं असेल, तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिडसोबत बॅटरीवरही चालणारा) लागतो. त्याचा खर्च वेगळा. कोटेशन घेतानाच विक्रेत्याला हे स्पष्ट विचारा.