बंदीसंख्येची रचना (भारतीय कारागृहे)

कारागृहात असलेल्या माणसांची वय, लिंग आणि शिक्षा यांनुसार केलेली वर्गवारी म्हणजे बंदीसंख्येची रचना. भारतात ती राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक कारागृह अहवालातून कळते. हा अहवाल १९९५ सालापासून निघतो आणि त्यातील बहुतेक तक्ते ३१ डिसेंबर या एका दिवसाची स्थिती दाखवतात.

३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील १,३३० कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. अधिकृत क्षमता ४,३६,२६६ होती, म्हणजे १०० जणांच्या जागेत १३१ जण राहत होते. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले बंदी (बोलीत ‘कच्चे कैदी’), १,३३,४१५ शिक्षा झालेले (‘पक्के कैदी’), ४,३२४ स्थानबद्ध (खटल्याविना प्रतिबंधक कायद्याखाली ठेवलेले) आणि १,१७९ इतर. पुरुष ५,४९,३५१, स्त्रिया २३,७७२ आणि तृतीयपंथी ९७.

हे आकडे वाचताना सर्वांत मोठी चूक होते ती एका दिवसाची शिल्लक आणि वर्षभराची आवक यांची गल्लत केल्याने. समजा, एका तुरुंगात दरवर्षी १२० जण महिन्याभरासाठी येतात आणि जन्मठेपेचा फक्त एक बंदी येतो, जो १४ वर्षे राहतो. १४ वर्षांनंतर कोणत्याही दिवशी मोजले तर अल्पमुदतीचे १० आणि जन्मठेपेचे १४ दिसतील. या तक्त्यावरून ‘येथे येणारे बहुतेक जण गंभीर गुन्ह्यांतले’ असा निष्कर्ष काढणे साफ चुकीचे ठरेल, कारण दाराशी येणाऱ्या १२१ जणांत जन्मठेपेचा एकच असतो. देशभराचेही असेच आहे. २०२१ साली बंदी दाखल झाल्याच्या सुमारे १८ लाख नोंदी झाल्या, तर वर्षअखेरची संख्या ५,५४,०३४ होती. या दोहोंचा भागाकार करून दिवसांत मांडला तर सरासरी मुक्काम साधारण ११२ दिवसांचा येतो. एकच माणूस वर्षात दोनदा आत आला तर त्याची नोंद दोनदा होते, त्यामुळे हा अंदाजच समजावा.

कच्च्या-पक्क्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ६९ टक्के कच्चे असे होते. २०२० मध्ये ते ७६ टक्क्यांवर गेले. कोविडकाळात पक्के कैदी तातडीच्या अभिवचन रजेवर (पॅरोलवर) सुटले, शिवाय खटले थांबल्याने नव्या शिक्षाही कमी झाल्या. पक्क्यांची संख्या १,४४,१२५ वरून १,१२,५८९ वर आली. त्याच वर्षी कच्च्यांची संख्या मात्र ३,३०,४८७ वरून ३,७१,८४८ झाली. टक्का वाढण्यामागे अशी दोन वेगळी कारणे असू शकतात, म्हणून टक्क्याशेजारी मूळ संख्या लिहिलीच पाहिजे.

वर्गवारीचे नियमही ठाऊक हवेत. अपील प्रलंबित असलेला बंदी पक्क्यांतच धरतात. एका खटल्यात शिक्षा झालेली आणि दुसऱ्यात खटला चालू असलेली व्यक्तीही पक्क्यांतच मोजली जाते. याउलट एक मोठा गट पक्क्यांच्या तक्त्यात येतच नाही. खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. तुरुंगात याला ‘सेट-ऑफ’ म्हणतात. दीड वर्ष कच्चा राहिलेल्या माणसाला एक वर्षाची शिक्षा झाली तर त्याची शिक्षा निकालाच्या दिवशीच संपलेली असते. अल्प शिक्षांचे रकाने रिकामे दिसतात त्याचे हे एक कारण आहे. देशातील पक्क्या कैद्यांत निम्म्याहून अधिक जन्मठेपेचे आहेत, हे वाचतानाही ते लक्षात ठेवावे.

जन्मठेपेच्या रकान्याबाबत गैरसमज फार. जन्मठेप म्हणजे १४ किंवा २० वर्षे नव्हे; ती आयुष्यभराची शिक्षा आहे. २० वर्षांचा हिशेब कायदा फक्त शिक्षेचा काही भाग (निम्मा, एक चतुर्थांश वगैरे) मोजण्यापुरता मान्य करतो. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर माफीचे (चांगल्या वर्तनासाठी शिक्षेत मिळणाऱ्या सुटीचे) दिवस न धरता प्रत्यक्ष १४ वर्षे पूर्ण झाल्यावरच शासनाला सुटकेचा विचार करता येतो. म्हणजे १४ वर्षे हा विचार सुरू होण्याचा टप्पा आहे, सुटकेची तारीख नाही.

स्त्रियांचे प्रमाण ४.१ टक्के, तर जगाची सरासरी सुमारे ७ टक्के आहे. संख्या लहान असल्यामुळे त्यांच्या वाट्याला अडचणीही वेगळ्या येतात. बहुसंख्य स्त्रिया स्वतंत्र महिला कारागृहात नसून पुरुषांच्या कारागृहातील महिला विभागात असतात. २०२२ अखेर १,५३७ स्त्रियांसोबत त्यांची १,७६४ मुले आत होती. आईजवळ मूल ६ वर्षांचे होईपर्यंत राहू शकते. ही मुले बंदी नाहीत, म्हणून बंदीसंख्येत येत नाहीत. दूध, लसीकरण आणि जागा मात्र त्यांना लागतेच. त्यांचा आकडा वेगळा मांडला नाही तर तरतूद हमखास अपुरी पडते. तृतीयपंथी बंदींची स्वतंत्र गणना २०२० च्या अहवालापासून होते.

वयाचे मुख्य गट १८ ते ३०, ३० ते ५० आणि ५० च्या पुढे असे आहेत. कच्च्यांत १८ ते ३० हा मोठा गट, पक्क्यांत ३० ते ५०. शेवटच्या गटात ५२ वर्षांचा धडधाकट आणि ८० वर्षांचा अंथरुणाला खिळलेला बंदी एकत्र मोजला जातो, आणि आरोग्यसेवेच्या दृष्टीने ही वर्गवारी निरुपयोगी आहे. १८ वर्षांखालील मुलाला तुरुंगात ठेवताच येत नाही. तरी वयाची नोंद चुकली की मुले आत येतात. वय ठरवताना आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसल्यास महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी असा क्रम आहे. दाखल करताना तोंडी सांगितलेले वय लिहून पुढे तेच कायम ठेवले तर किती मोठा अन्याय होतो, ते पुण्यातील १९९४ च्या एका खून खटल्यात दिसले. फाशीची शिक्षा झालेला एक बंदी गुन्ह्याच्या वेळी १२ वर्षांचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केले. तोवर त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती.

कारागृह अधिनियम, १८९४ नुसार स्त्रिया पुरुषांपासून, २१ वर्षांखालील पुरुष इतरांपासून आणि कच्चे पक्क्यांपासून वेगळे ठेवावे लागतात. म्हणून गर्दीची एकच टक्केवारी फसवी असते. आदर्श कारागृह नियमावली एका बराकीत २० जण आणि प्रत्येकी ३.७१ चौरस मीटर जागा सांगते. दहा बराकींचा, म्हणजे २०० क्षमतेचा तुरुंग धरू. महिला बराकीत ८ आणि तरुणांच्या बराकीत १७ जण आहेत, पक्क्यांच्या तीन बराकींत ३५, तर कच्च्यांच्या पाच बराकींत १५० जण आहेत. एकूण २१० म्हणजे १०५ टक्के, ऐकायला ठीक. कच्च्यांच्या बराकीत मात्र १५० टक्के गर्दी आहे, आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अडीच चौरस मीटर जागा येते.

कच्च्यांच्या मुक्कामाचा तक्ता थेट सुटकेशी जोडलेला आहे. पाच वर्षांहून अधिक काळ खटल्याच्या निकालाविना अडकलेले कच्चे कैदी २०२२ अखेर ११ हजारांवर होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ४७९ प्रमाणे पूर्वी शिक्षा न झालेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश, इतरांनी निम्मा काळ आत काढला की कारागृह अधीक्षकाने त्याच्या जामिनावरील सुटकेसाठी न्यायालयाला लेखी अर्ज करायचा असतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असल्यासही ती मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक वॉरंटवरील कलम, अटकेची तारीख, पूर्वीची शिक्षा आणि इतर प्रलंबित खटले एकाच नोंदीत जुळवावे लागतात. एका खटल्यात जामीन झाला आणि दुसऱ्याचे वॉरंट निघाले, तर नोंदीत जुनीच तारीख राहते. मग पात्र बंदींची यादीच चुकते.