एकछेदी संयुक्त उदरशस्त्रक्रिया

बेंबीत घेतलेल्या साधारण दोन ते अडीच सेंटिमीटरच्या एकाच छेदातून दुर्बीण व अवजारे पोटात घालून, एकाच भुलीखाली दोन किंवा अधिक अवयवांवर केलेली शस्त्रक्रिया. पित्ताशय खड्यांसह काढताना अंडाशयाची गाठ किंवा अपेंडिक्सही काढणे, ही तिची नेहमीची उदाहरणे होत. सिकलसेलसारख्या रक्तविकारात तांबड्या पेशी सतत फुटून लहान वयातच पित्तखडे होतात. अशा काही मुलांची प्लीहा व पित्ताशय एकाच वेळी काढावे लागते.

दोन दुखणी एका बैठकीत उरकण्याची कल्पना दुर्बीण शस्त्रक्रियेइतकीच जुनी म्हणावी लागेल. १९८७ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे फिलिप मूरे यांनी एका स्त्रीवरील स्त्रीरोगाची शस्त्रक्रिया आटोपल्यावर तीच दुर्बीण यकृताकडे वळवून तिचे पित्ताशय काढले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढण्यास प्रारंभ केला. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत या शस्त्रक्रियेस चार छेद लागतात. बेंबीतील एकाच जखमेतून पित्ताशय काढल्याचे इटलीतील नवार्रा व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नोंदवले.

छेदांची नेहमीची मांडणी त्या त्या अवयवानुसार ठरते, म्हणून पित्ताशयासाठी घेतलेले वरचे छेद ओटीपोटातील कामास फारसे उपयोगी पडत नाहीत. बेंबी मात्र मध्यावर असल्याने तेथून यकृतही गाठता येते आणि गर्भाशयही. केवळ पित्ताशय काढायचे असेल, तर एकाच छेदाचा लाभ बव्हंशी व्रण न दिसण्यापुरता राहतो. दुसरी शस्त्रक्रिया जोडली की त्याला खरा अर्थ येतो.

पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवल्यावर दुर्बीण व अवजारे एकाच तोंडातून समांतर आत जातात आणि त्यांच्या मुठी बाहेर एकमेकींवर आदळतात. अवजारांची फुली झाली, तर उजव्या हातातील चिमट्याचे टोक पडद्यावर डावीकडे दिसते. त्यासाठी वाकडी अवजारे वापरतात, तरी हात बसायला वेळ लागतोच. पित्ताशयाचे काम संपल्यावर डोक्याकडून उंच केलेले टेबल उलट कलवावे लागते, कारण आतडी छातीकडे सरकल्याशिवाय ओटीपोट मोकळे दिसत नाही. पडदा पायांकडे येतो आणि शल्यविशारदही जागा बदलतो.

क्रम ठरवताना स्वच्छ काम आधी आणि जंतुसंसर्गाची शक्यता असलेले नंतर, असा दंडक आहे. हर्नियाची फट झाकणारी कृत्रिम जाळी बसवायची असताना पित्त सांडले किंवा अपेंडिक्समध्ये पू आढळला, तर जाळी पुढे ढकलणेच बहुधा श्रेयस्कर. हृदय वा फुप्फुसे दुबळी असलेल्या रुग्णाला लांबलेली भूल आणि वायूचा दाब सोसेलच असे नाही. रक्तस्राव झाला किंवा पित्तनलिका स्पष्ट ओळखता आली नाही, तर आणखी एक छेद घ्यावा. हट्टापायी तो टाळणे अक्षम्य होय.

मोठ्या छेदामुळे बेंबीत पुढे हर्निया होण्याचा धोका नेहमीच्या दुर्बीण शस्त्रक्रियेपेक्षा अधिक असतो. त्यामुळे शेवटी कातडीखालचा चिवट पडदा नजरेसमोर ठेवून, कडा नीट जुळवून शिवावा लागतो.